भीमथडी घोडा : वाड्याबरोबर येणारी ती घोडी कुणी नीट पाहिलीय का?

नीराकाठ :
नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत वर्ष काढलं, आज बसलोच. आमचं गाव नीरेच्या काठाला, बारामती तालुक्यात. दिवाळी झाली, रानं मोकळी झाली की आमच्या वावरात धनगरांचा वाडा उतरायचा. वाडा म्हणजे चार-पाच बिऱ्हाडं, तीन-चारशे मेंढरं, कुत्री, कोंबड्या आणि घोड्या. दोन-तीन रात्री मेंढरं बसवायची, रानाला खत मिळायचं आणि आजोबा त्यांना पायलीनं धान्य मोजून द्यायचे. आम्हा पोरांचा सगळा जीव कोकरांत. घोडी आपली बांधाच्या कडंला उभी, शेपटीनं माश्या वारत हरळी खुडायची. तिच्याकडं कुणी बघायचंच नाही. मोठी माणसंसुद्धा म्हणायची, धनगराचं तट्टू आहे ते. घोडा म्हणजे वरातीतला नाहीतर पुतळ्यातला, एवढंच डोक्यात.

मग २०२४ च्या सुरुवातीला बातमी वाचली की भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे, तिथं देशातल्या जनावरांच्या जातींची नोंद होते. त्यांच्या यादीत तोपर्यंत घोड्याच्या सातच जाती होत्या, मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, भुतिया आणि कच्छी-सिंधी. आठवी आपली भीमथडी. बातमीत फोटो होता आणि तो बघून मी उडालोच, कारण ती घोडी म्हणजे हुबेहूब आमच्या बांधावर उभी राहायची तीच. म्हणजे ज्या भीमथडीच्या तट्टांचं नाव आपल्या राज्यगीतात येतं, शाळेत आपण उभं राहून म्हणतो, ती तट्टं माझ्या डोळ्यासमोर चाळीस वर्षं चरत होती आणि मला पत्ता नाही. खरं सांगतो, वाईट वाटलं.

म्हणून गेल्या हिवाळ्यात वाडा आला तेव्हा मुद्दाम पहाटे पाचला उठून रानात गेलो. वाडा हलायची तयारी चालू होती. पुरुष माणसं मेंढरं घेऊन पुढं निघालेली, सामान लादायचं काम बायकांचं. एक सत्तरीची आजी, तिची सून आणि घोडी. घोडी तांबूस तपकिरी, गुडघ्याखाली पाय काळे, उंची म्हणाल तर माझ्या छातीला लागेल एवढीच. दावं सोडलेलं, तरी जागची हलली नाही. आजीनं आधी पाठीवर घोंगड्याची घडी टाकली, त्यावर गवत भरलेलं खोगीर, मग दोन्हीकडं सारख्या वजनाची दोन पोती. पोतं उचलताना गुडघ्याचा रेटा देऊन वर सारायचं आणि दुसऱ्या बाजूनं सुनेनं धरायचं. मग चऱ्हाट पोटाखालून घेऊन आवळलं. त्यावर भांडी, पीठाचा डबा, गोधड्या, वाघरीची जाळी, सगळ्यात वर कोंबड्यांचं खुराडं. एवढं झाल्यावर आजी पालाशेजारी गेली आणि रात्री जन्मलेलं कोकरू घेऊन आली, अजून ओलसरच होतं. ते पोत्याच्या तोंडात बसवलं, फक्त मान बाहेर. घोडीनं मान वळवून त्या कोकराला हुंगलं आणि परत सरळ उभी राहिली. आजी म्हणाली, चल गं बाई. आणि चालायला लागली ती.

मला वाटतं आपल्याकडं घोड्याच्या इतिहासावर भाषणं खूप होतात पण हा इतिहास ज्यांनी चारला, पाजला, जगवला त्या वाड्यांचं नाव कुणी घेत नाही. ह्या धाग्यावर ज्याला जे माहिती आहे ते लिहा. जुन्या आठवणी, कागदपत्रं, फोटोतलं वर्णन, काहीही चालेल.

---

कडबाकुट्टी :
भारी लिहिलंय दादा. कोकरू हुंगणारी घोडी डोळ्यासमोर आली. आमच्या इंदापूरकडं पण असंच, पण आता सगळीकडं ऊस, वाडा उतरायला मोकळं रान कुठंय.

---

मोडीवाचक :
उत्तम विषय. थोडं इतिहासाच्या अंगानं लिहितो.

थडी म्हणजे काठ. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ, पण प्रत्यक्षात भीमा-नीरेच्या मधला आणि आजूबाजूचा सगळा पट्टा लोक त्यात धरायचे. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता, आजच्या बारामती-दौंडकडचा भाग. शहाजीराजांच्या जहागिरीतलं सुपं, इंदापूर ह्याच टापूतलं. म्हणजे स्वराज्याची सुरुवात झाली तेव्हा घराशेजारीच घोड्यांची पैदास होती. हा योगायोग फार मोठा आहे, कारण त्या काळात चांगला घोडा म्हणजे समुद्रापलीकडून येणारी वस्तू. अरबस्तान, इराणकडचे घोडे गलबतातून चौल, दाभोळ, गोव्याच्या बंदरात उतरायचे आणि दख्खनच्या सुलतानांचा पैसा त्यात पाण्यासारखा जायचा. मार्को पोलो तेराव्या शतकातल्या ठाण्याबद्दल लिहितो की तिथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता, लुटीतला बाकीचा माल तुमचा पण घोडे सगळे माझे. एवढी घोड्याची किंमत.

मराठ्यांच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार, हे शाळेत झालंय सगळ्यांचं. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. सभासद बखरीत पागेची मांडणी दिलीय, पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी. आणि मला सगळ्यात आवडणारी ओळ त्यापुढं आहे, दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि नाल ह्या दोन गोष्टींचा बंदोबस्त आधी, मग लढाई. ज्यानं हे ठरवलं त्याला घोडं कळत होतं.

---

घाटवाटा :
मोडीवाचक, म्हणजे महाराजांच्या फौजेतले सगळे घोडे भीमथडी होते असं म्हणता येईल का? आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर असे मेसेज येत असतात.

---

मोडीवाचक :
नाही, सगळे नव्हते. सरदारांच्या पागेत अरबी, तुर्की जातीचे घोडेही असत, ते विकत घेतलेले किंवा लुटीत आलेले. पण हजारो साध्या स्वारांना परदेशी घोडा कुठून परवडणार, त्यांच्या खाली दख्खनी तट्टंच. आणि शेकडो वर्षं बंदरावरून आलेल्या घोड्यांचं रक्त स्थानिक घोड्यांत मिसळत गेलं, त्यातून ही चण घडली असं मानतात. इंग्रजांनी लिहून ठेवलेल्या वर्णनात पण हेच येतं, मध्यम बांधा, मजबूत, गडद तपकिरी रंग आणि काळे पाय. नीराकाठांनी वर आपल्या बांधावरच्या घोडीचं जे लिहिलंय तेच ना?

अजून एक. महाराजांचं चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका म्हणून आपण ते सांगतो. पण ते पत्र मुळात घोड्यांच्या चाऱ्याबद्दल आहे. पावसाळ्यासाठी दाणा आणि गवताची बेगमी करून ठेवलीय, ती आत्ताच मनाला येईल तशी उधळलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी पडतील, मरायला लागतील, म्हणजे ती तुम्हीच मारली असं होईल. मग लोक कुणब्याकडचं दाणे, गवत, भाजी ओरबाडायला जातील. पुढं गवताच्या गंजीची काळजी, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. बघा, रयत आणि घोडं ह्या दोन गोष्टी त्या पत्रात वेगळ्या नाहीतच. घोड्याच्या वैरणीचं गणित चुकलं की रयत भरडली जाते.

---

धनगरवाडा :
राम राम मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय हितं, चुकलं माकलं समजून घ्या. मी फलटण तालुक्यातला, आमचा वाडाच हाय. मी शिकलो, आता नोकरी करतो पण आई-वडील आणि थोरला भाऊ अजून मेंढरामागंच हायत. नीराकाठ दादा तुम्ही पहाटं उठून बघाया गेला हे वाचून बरं वाटलं, आमच्याकडं लोक फकस्त फोटो काढाया येत्यात.

आमच्यात घोडी म्हंजी घरातलं माणूस. मालकीण आईच. वडलांना घोडीबद्दल कायबी विचारा ते म्हणत्यात तुझ्या आईला इचार. दिवाळीनंतर आम्ही वरंध्याच्या घाटातनं महाडकडं उतरायचो आणि मिरगाच्या आधी माघारी, कारण कोकणातला पाऊस मेंढराला सोसत नाय न घोडीला बी नाय. मोडीवाचक सायबांनी चिपळूणच्या छावणीचं लिहिलंय ते वाचताना मला हेच आठवलं, पावसात तिकडं घोडी ठेवायची म्हंजी सोपी गोष्ट नाय, दाणा वैरण कोरडी ठेवाया लागती.

एकदाचं सांगतो. मी आठ-नऊ वर्साचा आसंन. माघारी येताना वळवाचा पाऊस वरच्या अंगाला झालेला आणि ओढ्याला पाणी चढलेलं. बाकीची माणसं मेंढरं घिऊन आधीच पल्याड गेलेली. आईनं मला आणि धाकट्या बहिणीला घोडीवर बसवलं आणि आपण शेपटी धरली. घोडी पाण्याच्या कडंला थांबली, पुढचा पाय घातला, चाचपला, काढला, दोन पावलं सरकून परत घातला. आसं तीनदा केलं तिनं. आईनं तिला हाकललं नाय, गप उभी ऱ्हायली. मग जिथनं तिला बरं वाटलं तिथनं घोडी उतरली आणि पाणी तिच्या पोटाला लागलं तरी सरळ निघाली. आई आजून म्हणती, माणसानं घाई केली आसती, घोडीनं नाय केली.

---

वाटाड्या_सोलापूर :
डोळ्यात पाणी आलं भाऊ.

---

जनावरांची_डॉक्टर :
मी पशुवैद्यक आहे, घोड्यांवर बरंच काम केलंय त्यामुळे राहवलं नाही. धनगरवाडा दादांनी सांगितलेलं अगदी खरं आहे. भरीव पाय, कठीण खूर, अरुंद पण खोल छाती, आणि पोटाला कमी लागणं, ह्या सगळ्या गोष्टी शेकडो वर्षांच्या चालण्यातून आल्यात. जी घोडी घाट चढू शकली नाही, कडब्यावर आणि माळावरच्या गवतावर निभावली नाही, ती मागे राहिली, तिची वीण पुढे गेली नाही. कुणी पुस्तक वाचून निवड केली नाही, रस्त्यानं केली.

लोक नेहमी विचारतात ओळखायचं कसं. मारवाडी आणि काठियावाडी घोड्याचे कान आतल्या बाजूला वळलेले असतात, टोकं एकमेकांना टेकतात. भीमथडीचे कान साधे सरळ. उंची खांद्यापाशी चार-सव्वाचार फुटांच्या आसपास. मारवाडी, काठियावाडी त्यापेक्षा उंच. पण नुसतं डोळ्यानं बघून जात ठरत नाही, नोंदणीच्या वेळी शेकडो जनावरांची मापं आणि रक्ताचे नमुने घेऊन इतर जातींशी ताडून बघतात, तेव्हा वेगळेपण सिद्ध होतं.

आता एक कळकळीची विनंती. मान्यता मिळाल्यापासून फार्महाऊसवाले लोक हौसेनं भीमथडी घ्यायला लागलेत. प्रेमानं हरभरा, गूळ, भरडा भरपूर घालतात आणि दिवसभर बांधून ठेवतात. ह्या घोड्याचं शरीर कमी खाण्यावर आणि रोज चालण्यावर बेतलेलं आहे. जास्त खुराक आणि कमी व्यायाम म्हणजे खुराच्या आतल्या थराला सूज येते, घोडं पुढच्या पायांवर वजनच टाकू शकत नाही, मागच्या पायांवर रेलून उभं राहतं. फार वेदना असतात हो. मी अशी एक घोडी बघितली जी वाड्यावर बारा वर्षं ठणठणीत होती आणि बंगल्यावर आठ महिन्यांत आडवी झाली. मालक रडत होता, त्याला वाटत होतं आपण काय कमी केलं. काहीच कमी केलं नव्हतं, तेच चुकलं होतं.

घेतलीच तर धनुर्वाताची लस चुकवू नका, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, खिळा, तार एवढंच निमित्त पुरतं. आणि पोटात शूळ उठला की घरगुती काढे पाजत बसू नका, घोड्याला उलटी होत नाही, काही तासांतही जीव जाऊ शकतो. लगेच डॉक्टर.

---

कडबाकुट्टी :
डॉक्टर ताई धन्यवाद. हे सेव्ह करून ठेवतो.

---

पेशवाई_वाचतो :
पालखेडचा विषय कुणीच काढला नाही अजून म्हणून लिहितो. १७२८ ची मोहीम. निजामाकडं जड तोफखाना, बाजीरावाकडं हलकी घोडदळाची फौज. बाजीराव खानदेश, गुजरात असा फिरला, निजामाला मागं मागं ओढला, त्याचा तोफखाना मागं पडला आणि शेवटी पालखेडजवळ अशा जागी गाठला की पाणी सुद्धा मिळेना. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह. तलवार फारशी चाललीच नाही त्यात, घोड्यांचं चालणं चाललं. आणि ते चालणं शक्य होतं कारण मागं दाण्याच्या गाड्या ओढत न्यायला लागत नव्हत्या. वाटेत मिळेल त्या वैरणीवर ही तट्टं निभावत होती. डॉक्टर ताईंनी सांगितलं तेच, पोटाला कमी लागणं. आपण त्याला बाजीरावाचा वेग म्हणतो पण त्यात घोड्याचं पोट पण होतं.

आणि संताजी-धनाजीची गोष्ट तर सगळ्यांना माहितीये, मोगलांची घोडी पाणी पिईनात, पाण्यात संताजी-धनाजी दिसतात. गंमत म्हणजे औरंगजेबाचा तळ १६९५ पासून जवळपास चार वर्षं भीमेकाठी ब्रह्मपुरीलाच होता, आपल्या माचणूरजवळ. म्हणजे बादशहा ह्या घोड्यांच्या घरात येऊन बसला होता.

---

मोडीवाचक :
छान जोडलंत. ह्याच्या उलट पानिपत बघा. १७६० च्या शेवटी मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले पडले, रसद तुटली, वैरण आत येईना. अब्दालीनं फौज अडकवून ठेवली. जो घोडा मोकळ्या रानात स्वतःचं पोट भरतो त्याला खंदकाच्या आत उभा केला की त्याचं सगळं बळ गेलं. १४ जानेवारीला लढाईत उतरली ती घोडी आधीच उपाशी होती. पानिपतावर लिहिताना माणसांचा आकडा सगळे देतात, घोड्यांबद्दल एखादी ओळ. मला ते नेहमी खुपतं.

---

घाटवाटा :
भाषेत पण बघा किती उरलंय. खोगीरभरती म्हणतो आपण, ती ह्या खोगिरातच भरायचे ना चिंध्या-गवत. वरातीमागून घोडं, घोडामैदान जवळ आहे, घोडं पेंड कुठं खातंय. आडनावं शिलेदार, पागे. पण तट्टू शब्द मात्र हलका झाला, भाडोत्री तट्टू म्हणजे शिवीच. ज्या तट्टानं राज्य पोसलं त्याचं नाव शिवी म्हणून वापरतो ह्याचं वाईट वाटतं.

---

नीराकाठ :
घाटवाटा, अगदी मनातलं. आमच्या गावातपण मी भीमथडी म्हटलं की लोक माना डोलावतात, आणि हीच ती म्हणून धनगराच्या घोडीकडं बोट दाखवलं की म्हणतात छे, ते तट्टू आहे. दोन्ही एकच आहे हे पटतच नाही.

धनगरवाडा भाऊ, तुम्ही सांगा. मान्यता मिळाली म्हणजे वाड्यावर काय फरक पडला?

---

धनगरवाडा :
खरं सांगू का, वाड्यावर कायच नाय. आईला मी फोटो दाखवला, म्हणलं आपल्या घोडीची नोंद दिल्लीपतुर झाली. ती म्हणली बरं झालं, पण चारायला कुठं न्यायची ते इचार.

मान्यतेचं वाईट नाय म्हणत, चांगलंच झालं. पैदास जपायची तर आधी जात कागदावर पाहिजे, हे मला समजतं. बारामतीकडच्या लोकांनी मागं लागून नमुने गोळा केले, त्यांची मेहनत हाय. पण अडचणी वेगळ्या हायत. एक म्हंजी रस्ता. पूर्वी आडवाटंनं जायचो, आता सगळीकडं तारा आणि पत्र्याची कुंपणं, मग डांबरीवरनं जायाला लागतं. दोन वर्सामागं आमच्या चुलत्याची घोडी पहाटं हायवेवर गाडीनं उडवली, पोटात शिंगरू होतं. पाय मोडलेला. जवळच्या दवाखान्यात नेली तर तिथला माणूस म्हणला आम्हाला घोड्यातलं कळत नाय, पुढं न्या. पुढं कुठं नेणार, टेंपो कुठनं आणणार. दुपारपतुर जगली. चुलती दोन दिस जेवली नाय.

दुसरं म्हंजी पैदास. बाजारात उंच घोड्याला गिऱ्हाईक. अकलूजला न्या, सारंगखेड्याला न्या, लोक पहिली उंची बघत्यात, मग नाचतो का बघत्यात. म्हणून वाड्यावरचीच काही पोरं आपल्या घोडीला मारवाडी नर दाखवत्यात, शिंगरू उंच निघतं, पैशे दुप्पट येत्यात. त्यांचं तरी काय चुकलं, मेंढरात आता पहिल्यासारखं उरत नाय. पण ते शिंगरू वाड्यावर ऱ्हात नाय, घाट चढत नाय, त्याला खुराक लागतो. आईनं एकदाच तसं केलं आणि परत नाय केलं.

तिसरं म्हंजी आमीच. मी नोकरीला लागलो. भावाची पोरं शाळेत हायत, त्यांनी मेंढरामागं जावं आसं भावालाबी वाटत नाय. मग घोडीचं ओझं कोण लादणार?

---

जनावरांची_डॉक्टर :
दादा, चुलत्यांच्या घोडीचं वाचून फार वाईट वाटलं. तुमचं दुसरं कारण मला सगळ्यात गंभीर वाटतं. घोडी अकरा महिने गाभण, एका वेळी एकच शिंगरू. शेळीसारखं नाही की वर्षात कळप दुप्पट. भीमथडीची एकूण संख्या पाच हजारांच्या आसपास सांगितली जाते, त्यातल्या पैदाशीच्या घोड्या किती, आणि त्यातल्या निम्म्यांना जरी दुसऱ्या जातीचा नर दाखवला तर दहा-पंधरा वर्षांत शुद्ध वीण शोधावी लागेल. देशातच घोडे झपाट्यानं कमी झालेत, २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाख होते, २०१९ च्या गणनेत तीन लाख चाळीस हजारांवर आले. म्हणजे सात वर्षांत जवळपास निम्मे.

मला विचाराल तर चांगले भीमथडी नर वाड्यांच्या वाटेवर ठराविक गावांत ठेवले पाहिजेत, म्हणजे ज्याला दाखवायचीय त्याला जवळ पडेल. आज नर शोधायलाच तीन तालुके फिरावं लागतं म्हणून लोक मिळेल तो दाखवतात.

---

वारीकर :
मी इतिहास, जाती ह्यातलं फार जाणत नाही. पण माऊलींच्या रिंगणात अश्व धावून गेला की आम्ही त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावतो. अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात, एकावर स्वार असतो आणि दुसऱ्याची पाठ मोकळी, ती माऊलींची जागा. ही माती लावणारी लाखो माणसं आहेत महाराष्ट्रात. वाटेत धनगराची घोडी दिसली तर तिला पाणी दाखवायला काय हरकत आहे? पुढच्या उन्हाळ्यात मी आमच्या वस्तीवर हौदाचं बघतो.

---

नीराकाठ :
वारीकर माऊली, तुमचं वाचून मी पण सुरुवात केली. आमच्या शिवारात पाच जण तयार झालेत, ओढ्याच्या कडंचा पट्टा तार न लावता मोकळा ठेवायचा, वाड्याला जायला यायला. मोठं काही नाही, दीडेक किलोमीटर असेल. पण तेवढं तरी डांबरी टळेल. एकाचं म्हणणं होतं मेंढरं बांध उकरतात, त्याला मी म्हटलं खत पण तुझ्याच रानात पडतं ना, मग तयार झाला.

वाद घालायचा म्हणून नाही पण एक बोलतो. काही लोक मला वैयक्तिक मेसेज करून सांगतात की भीमथडीसाठी मोठं केंद्र काढा, तबेले बांधा, प्रदर्शनं भरवा. चांगलंच आहे, व्हावं. पण ही घोडी तबेल्यात घडलेली नाही. तिला तबेल्यात घातली तर दिसायला भीमथडीच राहील, पण ओढ्याच्या कडंला थांबून तीनदा पाय चाचपणारी राहील का? मला नाही वाटत. ते ती आईच्या पाठीमागं चालून शिकते. वाडा चालता राहिला तर घोडी राहील. पट्टे मोकळे ठेवणं, पाणी, घोड्यातलं जाणणारा डॉक्टर तालुक्याला एक तरी, आणि वाड्यावर शुद्ध शिंगरू झालं तर त्या बाईच्या हातात थेट पैसे, एवढं झालं तरी खूप फरक पडेल.

---

घाटवाटा :
थेट पैशाचं एकदम पटलं. मारवाडी शिंगरामुळं जो जास्तीचा पैसा मिळतो तेवढा फरक भरून दिला तर कोण कशाला दुसरा नर दाखवेल.

---

धनगरवाडा :
आणि पैशे बाईच्याच खात्यावर पायजेत, हे मोठ्यानं लिहा. घोडी तिनं सांभाळली.

---

नीराकाठ :
मंडळी, आठ-दहा दिवसांनी लिहितोय. वाडा आलाय आमच्याकडं, तोच, आजीचा. आणि काल रात्री घोडी व्याली. मला सव्वादोनला सुनेचा फोन आला, बॅटरी घेऊन पळत गेलो. पोचेपर्यंत शिंगरू बाहेर आलेलं, आजी घोंगड्याच्या टोकानं त्याचं नाक-तोंड पुसत होती. बॅटरी विझवायला लावली मला, म्हणाली घोडीला त्रास होतो, चांदणं पुरंल. मग आम्ही बांधावर बसलो. शिंगरू उठायला बघायचं, पुढचे पाय फाकायचे आणि परत पडायचं. चार-पाचदा असं झालं. मी उठवायला निघालो तर आजीनं हात धरून खाली बसवलं, म्हणाली उठंल त्याचं त्ये, उचलल्यालं बळ नाय टिकत. तासाभरात उभं राहिलं, थरथरत, आणि बरोबर आईच्या कासेपाशी गेलं. मादी आहे. अंगावर ओला तपकिरी रंग, पाय कसे होतात ते लोकर गळाल्यावर कळेल म्हणाली.

---

जनावरांची_डॉक्टर :
अभिनंदन! जार किती वेळानं पडला? तीन तासांच्या आत पडायला पाहिजे. आणि शिंगरानं पहिला चीक प्यायला ना नक्की? नाळेला आयोडीन लावा.

---

नीराकाठ :
जार तासाभरातच पडला, आजीनं पसरून पूर्ण आहे का बघितला आणि मग लांब नेऊन पुरला. चीक पोटभर प्याली. आयोडीन आज सकाळी गावातून आणून लावलं, तुमचं नाव सांगितलं तर आजी म्हणाली डाक्टरीण बाईला म्हणावं येऊन बघून जा.

नर कुठला ते पण विचारलं. सणसरकडं एका वाड्यावर भीमथडी नर आहे, त्याच्यासाठी सून घोडी घेऊन दोन दिवस चालत गेली होती.

वाडा आज हलणार होता. शिंगराला चालता यावं म्हणून अजून चार दिवस थांबतायत. माझं पलीकडचं हरभऱ्याचं रान रिकामं झालंय, मेंढरं तिकडं बसवा म्हणालोय.